गरज असेल तरच ऐका

माझ्या जिभेला हाड नाही, असं माझा धाकटा भाऊ सगळ्यांना सांगत फिरतो. खोटं नाही ते. वडिलांच्या मागे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान मी चालवते. गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, हिला झालेलं काहीच नाही, नुसतं तेल सोडा," की मी म्हणते, "मग घरीच सोडायचं ना, इथवर उचलून कशाला आणलीत?" तरी लोक येतात. तोंडाने वाईट पण हाताने चांगली, असं काहीतरी ते आपसात बोलत असणार.

भावाने जी वेबसाइट काढली तिचं मूळ या दुकानातच आहे. एका बाईंचा लांबून फोन आला होता. त्यांनी मशीन चालवून फोन तिच्यापाशी धरला आणि विचारलं, "ऐका हो, कसा आवाज येतोय, काय झालं असेल?" मी ऐकलं आणि सांगितलं, बॉबिन केसची स्प्रिंग सैल झालीय, तो बारका स्क्रू पाव फेरा आवळा. बाई आवळून परत फोनवर. चालली की मशीन! भाऊ समोर चहा पीत बसला होता. तो कंप्युटरच्या ऑफिसात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी माझं डोकं खायला येतो. म्हणाला, "ताई, हे सगळ्यांना करता आलं पाहिजे."

आणि त्याने केलंही. ज्याचं जे यंत्र कुरकुरत असेल त्याचा आवाज त्याने तिथे चढवायचा, आणि ज्याला कळत असेल त्याने दुखणं सांगायचं. पंखा, शिलाई मशीन, पाण्याची मोटार, स्कूटर, काहीही. नाव ठेवलं 'खडखड'. मी म्हटलं, कोण येणार आहे डोंबल तिथे दुसऱ्याची खडखड ऐकायला? तर आले लोक. फी नाही, जाहिरात नाही, कोणाला पगार नाही. सर्व्हरची बाजू भाऊ बघायचा, कोण काय चढवतंय आणि पैसे किती आले-गेले ते मी बघायचे, आणि उत्तरं द्यायला सगळ्यात पुढे पंपवाले काका.

मागच्या गल्लीत काकांचं मोटार भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी ते बंद केलं आणि आमच्या खडखडीत येऊन बसले. पण टायपिंगच्या नावाने सगळा आनंद! एक ओळ लिहीपर्यंत दुसरा माणूस मोटार खोलून परत बसवेल. म्हणून भावाने खास त्यांच्यासाठी बोलून उत्तर द्यायची सोय केली. मग काय विचारता! "हं. बेअरिंग गेलंय. आता परत चालू करू नका, कॉइल जाळून घ्याल." संपलं उत्तर. लोकांना ते भारी आवडायचं.

एकदा त्यांनी स्वतःच्या घरची पाण्याची मोटार रेकॉर्ड करून चढवली. बिघडलेली नव्हती. नवीन लोकांना कळावं, धडधाकट मोटार कशी वाजते, म्हणून. मोटार बंद झाली, पण हे रेकॉर्डिंग बंद करायला विसरले. पुढे काकूंचा आवाज येतो, "अहो, माझ्या चपला घालून ओल्यात कुठे गेलात?" काका त्यांना एका नावाने हाक मारतात. ते नाव मी सांगणार नाही, ते त्यांचं त्यांच्यातलं आहे. हाक मारून म्हणतात, "तुझ्या चपला मला जास्त शोभतात, बघ की." मग काकू हसतात, काका हसतात, बादली कुठेतरी लवंडते, आणि संपतं. भाऊ म्हणाला, शेवटचा भाग कापून देतो. काका म्हणाले, राहू दे रे, मोटार ऐकू येतेय ना नीट?

त्यात प्रश्न नव्हता, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. ते मागे मागे सरकत गेलं. पुढे काकाही गेले, झोपेतच. त्या दिवसांत मीच काकूंना काकांच्या टॅबवर ते रेकॉर्डिंग शोधून दिलं होतं आणि समोरच खूण करून ठेवली होती, बोट लावलं की थेट तिथे जाईल अशी. काकू रोज ऐकायच्या. सकाळचं काम आवरून खिडकीत बसायच्या आणि ऐकायच्या, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

मग खडखडीला दृष्ट लागली म्हणा, किंवा भाग्य उजळलं म्हणा. ज्याच्या शब्दाला हजारो लोक मान डोलावतात अशा कोणीतरी आमचं कौतुक केलं, आणि बघता बघता माणसांचा लोंढा आला. आम्हाला काय आनंद! पहिलं मोठं बिल आलं तेव्हा तो उतरला. तोपर्यंत भाऊ पदरचे भरायचा आणि त्याच्या खिशाला ते कळतही नव्हतं. आता कळायला लागलं. त्याने मला समजावून सांगितलं, रेकॉर्डिंग ठेवायचं भाडं वेगळं आणि प्रत्येक वेळी कोणी ऐकलं की ते पोचवायचे पैसे वेगळे.

"म्हणजे गोदामवाल्याने माल ठेवायचेही पैसे घ्यायचे आणि दार उघडायचेही?"

"तसंच."

"चोर आहेत मेले."

"सगळे असेच आहेत, ताई. दुसरीकडे गेलो तरी हेच."

लोकांकडे मदत मागितली. पहिल्या महिन्यात भरभरून आली, मग हात आखडले. एक पंप विकणारी कंपनी जाहिरात द्यायला तयार होती. मी म्हटलं, घेतली तर उद्या त्यांच्या पंपाला वाईट म्हणायची चोरी. भाऊही नको म्हणाला. पण महिन्याच्या महिन्याला भर घालत होता तो, आणि त्याचं घर घ्यायचं चाललेलं. भावजय मला एका शब्दाने बोलली नाही. फक्त चहा देताना कप जरा जोरात ठेवला, त्यातच काय ते समजा.

तेव्हा आम्ही पाटी लावली. पानाच्या अगदी वर, लाल पट्टीत. भावाने आधी लांबलचक गोड गोड मजकूर लिहिला होता, 'प्रिय मित्रांनो' वगैरे. मी तो कापला. उरलं ते असं: 'प्रत्येक वेळी ऐकलंत की खडखडीला खर्च येतो. गरज असेल तरच ऐका. मजा म्हणून ऐकू नका.'

"जरा कडक होतंय," भाऊ म्हणाला.

"गोड बोलून कोणी ऐकलंय आजवर?"

आणि उपयोग झाला! नुसतं गंमत म्हणून शंभर खडखडी ऐकत बसणारे लोक कमी झाले. पुढचं बिल उतरलं. मी कॉलर ताठ करून हिंडत होते, माझ्या तीन वाक्यांनी काम केलं म्हणून.

पण पाटी लावून वर्ष उलटलं तरी ठेवायचं भाडं वाढतच होतं, कारण रोज नवीन रेकॉर्डिंग येत होती. भाऊ सगळ्याची दुसरी प्रत दुसऱ्या कंपनीकडे ठेवायचा, आधी ती बंद केली. एकच सामान दोन जागी भाड्याने कशाला ठेवायचं, हा विचार माझाच. तरी भागेना. मग त्याने तोडगा काढला. जे रेकॉर्डिंग वर्षभरात कोणीच ऐकलं नाही आणि ज्याला एकही उत्तर नाही, ते काढून टाकायचं.

"तू दुकानात काय करतेस? वर्षभर ज्या डब्याला हात लागला नाही तो भंगारात देतेस ना?"

देते. दिलाच पाहिजे, नाहीतर दुकानात उभं राहायला जागा उरणार नाही. तरी मी विचारलं, "काकांचं काही जाणार नाही ना यात?"

"काकांचं? सगळ्यात जास्त तेच ऐकलं जातं, ताई!"

खरंच होतं ते. काकांची उत्तरं अजून लोक शोधून शोधून ऐकतात. मी हो म्हटलं. महिनाभर आधी सूचना लावली, ज्यांची रेकॉर्डिंग होती त्यांना ईमेल पाठवले. हवं असेल त्याने आपलं उतरवून घ्यावं म्हणून सांगितलं. कोणाची तक्रार आली नाही. मग भावाने बटण दाबलं. पुढचं बिल जवळपास निम्म्यावर आलं. त्या दिवशी भावजयीने चहाबरोबर बिस्किटंही दिली.

आता काकूंचं सांगते.

त्या आल्या तेव्हा मी एक जुनी मशीन उलटी करून तिच्या पोटातली दोऱ्याची गुंतवळ चिमट्याने काढत होते. काकू दारातच थांबल्या. कापडी पिशवीत टॅब, हातात छोटी पर्स.

"कामात आहेस का गं?"

"काम पळून जातंय का? या, बसा."

बसल्या. गुडघ्यावर पर्स ठेवली आणि तिची चेन उघडझाप करत राहिल्या. मला कळेना, एवढा संकोच कशाचा. लहानपणापासून बघतेय मी त्यांना. शाळेतून येताना पाणी प्यायला त्यांच्याकडे थांबायचे.

"तुला एक विचारायचं होतं. नाही म्हणालीस तरी मला राग नाही यायचा."

"विचारा तर."

"त्यांचं ते आहे ना तुमच्याकडे, मोटारीचं. ते आज एकदा ऐकायचं होतं. एकदाच." त्यांनी पर्समधून घडी घातलेल्या नोटा काढल्या. "त्याचा तुम्हाला काय खर्च येईल, तेवढा घे यातून."

मी बघतच राहिले. मग हसले. हो, हसले मी! "काकू, डोकं ठिकाणावर आहे ना? तुमच्या नवऱ्याचा आवाज ऐकायचे मी तुमच्याकडून पैसे घेऊ?"

"तसं नव्हे गं. तुम्ही लिहिलं होतं ना वर, लाल पट्टीत. मी वाचलं. तुमची ओढाताण चाललीय हे मला कळत होतं. तुझा भाऊ घरासाठी साठवतोय, तेही माहीत होतं. म्हणून मी तेव्हापासून ऐकलंच नाही."

"तेव्हापासून?"

"गरज असेल तरच, असं होतं ना? आता मला काय गरज? मला थोडाच कुठला पंप दुरुस्त करायचाय. आपली मजाच ती. बाकीच्यांनी कळ काढायची आणि मी रोज उठून ऐकायचं, बरं दिसतं का?"

माझ्या हातातला चिमटा हातातच राहिला. मला अजून पुढचं काही सुचलं नव्हतं बरं का. नुसतं वाईट वाटलं, की या बाईने एवढं मनाला लावून घेतलं आणि आपल्याला पत्ताही नाही.

"मग आज का आलात?"

काकूंनी खाली बघितलं. "काल दुपारी बसल्या बसल्या आठवून बघत होते. ते हाक मारायचे ना मला, ती. तर शब्द आठवतो, पण आवाजच येईना. कितीदा मनात म्हणून बघितलं, तर माझ्याच आवाजात येतंय. फार घाबरले गं. म्हटलं, आता गरज आहे. आता विचारायला हरकत नाही."

"विचारायचं काय त्यात! द्या इकडे तो टॅब," मी म्हणाले आणि तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. रडू येत होतं, ते लपवायला जोरात बोलत होते. "आज दहा वेळा ऐकवते तुम्हाला. येऊ दे काय खर्च यायचा तो."

खुणेवर बोट लावलं. पान उघडलं. रिकामं. 'हे रेकॉर्डिंग उपलब्ध नाही.'

मी परत बोट लावलं. मग काकांच्या नावाने शोधलं. उत्तरं निघाली, पानंच्या पानं. मोटार नाही. तेव्हा सगळं एकदम कळलं. ज्यांनी आमचं ऐकलं नाही, मजा म्हणून ऐकतच राहिले, त्यांची रेकॉर्डिंग शाबूत होती. जिने आमच्या पाटीचा मान राखला तिचं आम्ही भंगारात काढलं होतं. ईमेल काकांच्या नावावर गेला असणार, तो कोण उघडणार? आणि काकू सूचना कुठून वाचणार, त्यांनी पान उघडायचंच सोडलं होतं!

"जरा नेट नीट येत नाहीये," मी म्हणाले आणि मागच्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला. ऑफिसात होता. मी काय म्हणतेय ते त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. समजलं तसा कीबोर्डाचा टकटक आवाज येत राहिला.

"गेलं ते, ताई."

"परत आण."

"कुठून आणू? दुसरी प्रत आपण बंद केली."

"कोणी उतरवून घेतलं असेल."

"वर्षभरात कोणी उघडलंच नव्हतं, म्हणून तर त्यात गेलं." त्याने टकटक थांबवली. "मी सगळ्यांना विचारतो. पण तू आशा ठेवू नकोस."

"किती मोठं होतं रे?"

"कशाला विचारतेस आता?"

"सांग मला."

"मिनिट-दीड मिनिटाचं. बिलात दिसलंही नसतं. जन्मभर ठेवलं असतं ना, तरी एका चहाचे पैसे झाले नसते." मग म्हणाला, "त्यांना सांग सर्व्हर बंद आहे. आज नको सांगूस, ताई. प्लीज."

सोपं होतं ते. सर्व्हर बंद आहे, आठवड्याने या. मग परत बंद आहे. बिचाऱ्या आल्या असत्या, बसल्या असत्या, पर्स उघडझाप करत राहिल्या असत्या आणि उलट माझीच समजूत काढली असती. मला ते जमेना. तोंडावर पाणी मारलं, बाहेर आले आणि त्यांच्या समोर स्टुलावर बसले.

"काकू, ते आमच्याकडून पुसलं गेलं."

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं. जागा कमी पडत होती, जे कोणी ऐकत नाही ते आम्ही काढून टाकलं, त्यात ते गेलं. परत येणार नाही. सगळं सांगितलं, अगदी मी हो म्हटलं होतं हेही. काकू ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी टॅबकडे बघितलं, जणू तो काही वेगळं म्हणेल.

"त्यांची बाकीची आहेत हो," मी घाईघाईने म्हणाले. "शेकड्यांनी आहेत. थांबा, ऐकवते." आणि पहिलं हाताला लागलं ते लावलं. "हं," काका म्हणाले. "बेअरिंग नाही, पंखा घासतोय कव्हरला. कव्हर काढा आणि बघा." स्वच्छ आवाज, समोर बसून बोलल्यासारखा. मी दुसरं लावलं. तिसरं लावलं. काकूंनी शांतपणे तिन्ही ऐकली. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"पुरे गं. हा त्यांचा गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज. घरातला वेगळा होता."

समोर मशीन उलटी पडली होती. बाहेर कोणीतरी सायकल स्टँडला लावली, आत डोकावलं आणि माझं तोंड बघून निघून गेलं. एरवी मी गिऱ्हाईक जाऊ दिलं नसतं. कोणाला तरी शिव्या घालाव्यात असं वाटत होतं आणि शिव्या घालायला दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

काकूंनी नोटांची घडी परत पर्समध्ये ठेवली. टॅब पिशवीत घातला. उठायला म्हणून टेबलाला धरलं आणि तशाच थांबल्या.

"एक विचारू?"

"विचारा."

"ते काढलंत, त्याने तुमचं काही वाचलं का गं?"

मी आजवर गिऱ्हाइकाला खोटं सांगितलेलं नाही. मशीन गेलेली असेल तर गेली म्हणून तोंडावर सांगते, मग कोणाला का लागेना. काकू माझ्याकडे बघत होत्या. खरंच विचारत होत्या त्या, टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर बरं झालं असतं.

"हो काकू," मी म्हणाले. "वाचलं. बरंच वाचलं."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा जरा सैल झाला. "उगाच गेलं असतं, तर फार वाईट वाटलं असतं."